राजकन्या कशी वारली

चोआ चू कांगमधली ती खोली मला एका खुनाच्या चौकशीतून मिळाली.

मी ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचले होते. वहीत प्रश्न लिहून नेले होते: स्वयंपाकाला परवानगी आहे का, कपडे कुठे वाळत घालायचे, एमआरटीचं म्हणजे मेट्रोचं स्टेशन चालत किती मिनिटांवर, घरात आणखी कोण राहतं. बँकेच्या नोकरीसाठी मी या बेटावर नवी आले होते; नवरा आणि मुलगी पुण्यात होते. मुलीचं शाळेचं वर्ष संपेपर्यंत मला एकटीला कुठेतरी राहायचं होतं. दार उघडलं ते पंचाहत्तरीच्या, माझ्या खांद्याएवढ्या उंचीच्या एका चिनी बाईंनी. त्यांनी मला हॉलमध्ये बसवलं आणि स्वतः स्वयंपाकघराच्या मण्यांच्या पडद्यामागे स्टूल घेऊन बसल्या. मी वही उघडते आहे तोवर पडद्यामागून स्वच्छ इंग्रजीत प्रश्न आला.

"आईने तान्ह्या मुलीला पाळण्यात ठेवलं. घरातली दुसरी बाई आली, मुलीशी खेळली, निघून गेली. मग नवरा आला. त्याने पांघरूण काढलं तर मुलगी मेलेली. कोणी मारलं?"

मी जागा बघायला आले होते. पण प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, अशी मला सवय आहे. मी म्हणाले, "मधल्या वेळात खोलीत आणखी कोणी आलं होतं का? दारावर कोण होतं? आणि हे सगळं लिहून कोणी ठेवलं?"

मणी जरा हलले. "पहिले दोन प्रश्न पोलीसही विचारतात. तिसरा चांगला आहे. खोली डावीकडची."

बाई चिनी माध्यमाच्या मुलींच्या शाळेत उभं आयुष्य इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. मजल्यावरचे सगळे त्यांना 'लाओशी' म्हणत. आपण शाळेतल्या बाईंना नुसतं 'बाई' म्हणतो, तसंच ते. त्यांचं नाव खालच्या टपालपेटीवर होतं, पण मी ते कधी उच्चारलं नाही आणि इथेही लिहीत नाही. ज्या जुन्या चिनी सम्राज्ञीपायी, म्हणजे पाळण्यातल्या त्या मुलीच्या आईपायी, माझी चौकशी झाली तिचं नाव त्यासुद्धा घेत नसत. "जग म्हणतं ते नाव नंतरचं," त्या म्हणायच्या. "आईबापांनी काय ठेवलं होतं ते कोणी लिहिलंच नाही. लाकडाच्या व्यापाऱ्याची मुलगी, तिचं नाव कशाला कोण लिहील?" म्हणून घरात ती फक्त 'ती'. 'तिला हे चाललं नसतं', 'तिने याचा निकाल एका दिवसात लावला असता'. पहिला आठवडाभर मी समजत होते की घरात आणखी एक भाडेकरू आहे आणि ती अतिशय कटकटी आहे.

हळूहळू भांडी विसळता विसळता मला सगळी हकिगत कळली. 'ती' चौदाव्या वर्षी राजवाड्यात गेली, तीही बऱ्याच खालच्या दर्जाची राणी म्हणून. सम्राट वारल्यावर रीतीप्रमाणे डोकं भादरून तिला मठात पाठवलं. तिथून त्याच सम्राटाच्या मुलाने, नव्या सम्राटाने, तिला परत आणलं. तिला मुलगी झाली आणि ती पाळण्यातच गेली. पाळण्यापाशी शेवटची आली होती पट्टराणी, म्हणून आळ तिच्यावर आला. पट्टराणीचं पद गेलं आणि ते हिला मिळालं. पुढे नवऱ्याचं डोकं सतत दुखायला लागलं, दिसेनासं झालं, तेव्हा त्याच्या मागे पडद्याआड बसून ही राज्य चालवू लागली. आणि साठी उलटल्यावर, मुलांना बाजूला सारून, स्वतःच सिंहासनावर बसली. चीनच्या एवढ्या लांबलचक इतिहासात स्वतःच्या नावाने सम्राट झालेली ही एकटी बाई. तिच्या थडग्यापुढे उंच शिळा आहे आणि तिच्यावर तिची म्हणून एकही ओळ कोरलेली नव्हती. का, ते कोणाला ठाऊक नाही. बाईंकडे त्याची सात कारणं होती. प्रत्येक कारणाला त्यांनी मार्क दिलेले होते आणि एकही कारण पास नव्हतं.

तिने राजवाड्याबाहेर एक तांब्याची पेटी ठेवली होती. पेटीला चार खाचा. कोणाला स्वतःची शिफारस करायची असेल, कारभारावर टीका करायची असेल, अन्यायाची दाद मागायची असेल किंवा शकुन-अपशकुन कळवायचा असेल, तर ज्या त्या खाचेत कागद टाकायचा. बाईंनी चपलांच्या कपाटावर बिस्किटांचा एक मोठा डबा ठेवला होता. त्याच्या झाकणाला चार खाचा पाडलेल्या. पहिल्याच शनिवारी मी टीकेच्या खाचेत चिठ्ठी टाकली: 'कपडे वाळत घालायच्या बांबूंचे वार ठरवावेत. वेळापत्रक सोबत जोडलं आहे.' रविवारी सकाळी ती माझ्या दाराखालून परत आली. लाल शाईत शेरा होता: 'मुद्दा योग्य. प्रस्तावना नाही. दहापैकी सहा.' पण वेळापत्रक त्या दिवसापासून अमलात आलं.

बाई स्वतःही त्या डब्यात चिठ्ठ्या टाकत आणि शनिवारी डबा उघडून स्वतःचीच चिठ्ठी नवल वाटल्यासारखी वाचत. "अरे! कोणाची तरी तक्रार आहे की भाडेकरूच्या फोडणीतली मोहरी उडून घड्याळापर्यंत जाते."

"कोणाची असेल बरं?" मी विचारायची.

"निनावी आहे. पण अक्षर सुरेख आहे."

एअर कंडिशनर कुरकुरला की बाई घोड्याची गोष्ट काढायच्या. राजवाड्यात एक घोडा कोणालाच आवरेना, तेव्हा कोवळ्या वयातली 'ती' म्हणाली होती, मला तीन वस्तू द्या: लोखंडी चाबूक, लोखंडी हातोडा आणि खंजीर. आधी पहिली वापरीन, नाही ऐकलं तर दुसरी, तरीही नाही ऐकलं तर तिसरी. बाई एअर कंडिशनरला आधी हाताने थोपटायच्या, मग चपलेने, आणि शेवटी मेकॅनिकला फोन लावायच्या. "हा खंजीर," फोन कानाला लावून त्या मला सांगायच्या. मांजरांचंही तसंच. एका राणीने मरताना शाप दिला होता की पुढच्या जन्मी मी मांजर होईन आणि तू उंदीर. म्हणून म्हणे तिने राजवाड्यातून मांजरं हद्दपार केली. तेव्हा एचडीबीच्या, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या, फ्लॅटमध्ये मांजर पाळायला सरकारी मनाई होती. बाई त्या नियमाचं श्रेय बिनदिक्कत सम्राज्ञीला देत.

एवढं सगळं असूनही बाई तिच्या आंधळ्या भक्त नव्हत्या. तिने किती माणसं मारली, किती हेर नेमले, स्वतःच्या मुलांशी कशी वागली, हे त्या बोटांवर मोजून सांगायच्या. फक्त त्या तान्ह्या मुलीला कोणी मारलं, यापाशी आल्या की विषय बदलायच्या. ते का, हे मला घर आवरताना कळलं.

वर्षअखेरीला बाईंनी फ्लॅट विकायला काढला. व्यवहार पुरा झाला की त्या मलेशियात, इपोहला धाकट्या बहिणीकडे राहायला जाणार होत्या. गुडघे गेले होते, एकटीने राहणं जमेना. आवराआवरी मी अंगावर घेतली. न्यायचं, द्यायचं, टाकायचं असे तीन ढीग केले. चार दिवसांत पुस्तकं, कपबश्या, जुने पंखे मार्गी लागले. एक काळ्या पुठ्ठ्याची वही मात्र कुठल्याच ढिगात जाईना. मी 'न्यायचं'मध्ये ठेवली की बाई उचलायच्या, 'टाकायचं'मध्ये ठेवली तरी उचलायच्या.

"बाई, या वहीचं एकदा ठरवा."

"मार्कांची वही आहे. यात एक चूक आहे. ती सुधारल्याशिवाय ही कुठेच जाणार नाही. मीही नाही."

मग त्यांनी सांगितलं. त्या पंचवीस वर्षांच्या असताना परीक्षेत चार मार्कांचा प्रश्न घातला होता: सम्राज्ञी पट्टराणी कशी झाली? पाठ्यपुस्तकातलं उत्तर होतं की तिने पोटच्या मुलीचा गळा दाबला आणि आळ दुसरीवर ढकलला. वर्गातल्या सगळ्या मुलींनी तेच लिहिलं. एकीने लिहिलं, 'राजकन्या कशी वारली ते माहीत नाही.'

"मी शून्य दिलं," बाई म्हणाल्या. "ते वर्गात वाचून दाखवलं. सगळ्या हसल्या. मीही हसले. मग तिला तास संपेपर्यंत मागे उभं केलं. तेरा वर्षांची होती. पुढच्या वर्षी ती शाळेत आलीच नाही."

"आणि उत्तर?"

"पुष्कळ वर्षांनी मी जुने ग्रंथ स्वतः लावून वाचले. गळा दाबल्याची ती रंगवलेली हकिगत ज्यात आहे ना, ते पुस्तक तीन-चारशे वर्षांनंतरचं. लिहिणाऱ्यांना ती मुळातच नको होती. तिने मारलं असेल. पट्टराणीने मारलं असेल. मूल नुसतंच गेलं असेल, मुलं जात असत. त्या पोरीने एका ओळीत लिहिलं ते कळायला मला तीस वर्षं लागली."

मी माझ्या वहीत नवं पान काढलं. "तिला शोधलं का?"

शोधलं होतं. टेलिफोनची जाडी पुस्तकं चाळून झाली होती, शाळेच्या जुन्या फोटोंमागची नावं वाचून झाली होती. ज्यांना नक्की ठाऊक असणार त्यांना मात्र विचारलेलं नव्हतं. दर चिनी नवीन वर्षाला त्याच वर्गातल्या पाच-सहा जणी दोन-दोन संत्री घेऊन बाईंना नमस्कार करायला येत.

"त्यांना का नाही विचारलं?"

"त्या विचारतील, कशाला हवी आहे. मग काय सांगू?"

रात्री फोनवर मी हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, तू तिथे बँकेच्या नोकरीला गेलीस की डिटेक्टिव्ह एजन्सीत?" पण मला ते बघवत नव्हतं. पन्नास वर्षं एक काम पडून होतं आणि ते करायला एक प्रश्न पुरेसा होता.

त्या नवीन वर्षाला पाच जणी आल्या, सगळ्या साठी ओलांडलेल्या. अजूनही बाईंसमोर खुर्चीच्या कडेवर बसणाऱ्या. बाई चहा आणायला पडद्यामागे गेल्या, तेव्हा मी त्यांच्यातल्या सगळ्यात बोलक्या बाईला, ती निवृत्त नर्स होती, त्या मुलीचं नाव सांगून सरळ विचारलं.

"ती? ती ईस्ट कोस्टला हॉकर सेंटरमध्ये माशाचं सूप विकते ला! तीस वर्षं झाली. आम्ही सगळ्या जातो. का हो?" वाक्याच्या शेवटचा 'ला' म्हणजे इथला 'ना', जोर देण्यापुरता.

पडद्याचे मणी जोरात खुळखुळले. चहा यायला फार वेळ लागला.

दोन दिवस बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. शनिवारी डब्यातून निघालेली चिठ्ठी त्यांनी मला उभं राहून वाचून दाखवली. "अन्यायाच्या खाचेतून आली आहे. 'भाडेकरूने घरमालकिणीचा पन्नास वर्षांचा प्रश्न एका मिनिटात सोडवला.'" चष्मा काढून त्या म्हणाल्या, "दहापैकी दहा. न विचारता केल्याबद्दल वजा पाच. रविवारी किती वाजता निघायचं?"

चोआ चू कांग ते ईस्ट कोस्ट म्हणजे बेटाचं एक टोक ते दुसरं. दोन एमआरटी आणि एक बस. मी पाणी, छत्री, गुडघ्याची मलमाची ट्यूब आणि दोन संत्री घेतली. बाईंनी रेशमी जाकीट घातलं होतं आणि वही छातीशी धरली होती. लाल पेन दोन. एक चाललं नाही तर दुसरं.

हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली खाण्याचे पुष्कळ स्टॉल. तिच्या स्टॉलपुढे दहा-बारा जणांची रांग होती. मी म्हणाले, तुम्ही बसा, मी तिला बोलावते. बाईंनी ऐकलं नाही. "मी तिला तासभर उभं केलं होतं," असं म्हणून रांगेत उभ्या राहिल्या. आमचा नंबर आला. आत आखूड केसांची एक दणकट बाई सुरीने माशाचे काप करत होती. वर न बघता ती म्हणाली, "सूप की तळलेला? दूध घालू?" मग तिने वर पाहिलं. सुरी खाली ठेवली, हात एप्रनला पुसले आणि तेवढ्याशा जागेत ताठ उभी राहिली.

"लाओशी!"

बाईंनी घरून पाठ करून आणलेलं बोलायला सुरुवात केली. आधी चिनीत, मग मला कळावं म्हणून इंग्रजीत. "तुझ्या इतिहासाच्या पेपरात मी चार मार्कांच्या प्रश्नाला शून्य दिलं होतं. तुझं उत्तर बरोबर होतं. चूक माझी होती. मी मार्क द्यायला आले आहे."

मागचा एक सायकलवाला म्हणाला, "आंटी, लंचला वेळ होतोय ला."

"थांब," बाई त्याच्याकडे न वळता म्हणाल्या, आणि तो थांबला.

सूपवालीने आम्हाला कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं, रांग संपवली आणि तीन वाडगे घेऊन येऊन बसली. बाईंनी वही उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं. ती ओळीकडे बघत राहिली आणि मग मोठ्याने हसली.

"लाओशी, मी वाचलंच नव्हतं! धडा उघडलाच नव्हता. माहीत नाही म्हणून लिहिलं माहीत नाही."

बाईंनी चष्मा नीट केला. "मी तुला मागे उभं केलं होतं."

"मागे पंखा होता ला. सगळ्यात छान जागा."

"सगळ्या हसल्या."

"मीपण हसले असेन."

"तू शाळा सोडलीस."

"मला शाळा आवडायचीच नाही. मासा आवडतो. खा ना, गार होतंय."

बाईंनी चमचा घेतला नाही. लाल पेनाचं टोपण काढलं. "वाचलं नसशील. पण उत्तर बरोबर आहे. चार."

"नको. शून्यच ठेवा. फुकटचे मार्क मला नकोत."

"उत्तराला मार्क असतात. अभ्यासाला वेगळे नसतात."

"मग एक द्या."

"तीन."

"लाओशी, एक!"

टेकाच्या मंडईत अशी घासाघीस मी मासे घेतानाही केलेली नाही. शेवटी दोनवर मिटलं. बाईंनी शून्य एका रेघेने छाटलं, दोन लिहिले, बेरीज बदलली, बाजूला सही केली आणि तिचीही सही घेतली. संत्री दिली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली. मला वाटलं, काम संपलं. मी मनातल्या मनात त्या ओळीवर बरोबरची खूण केली.

परतीच्या गाडीत बाईंनी पुन्हा वही उघडली. बराच वेळ पानं मागेपुढे केली. मग वही माझ्या मांडीवर ठेवून एकेक रकाना दाखवू लागल्या. माझ्या याद्यांवरून त्या मला 'मिस लिस्ट' म्हणत. "हे बघ, मिस लिस्ट. पहिली चाचणी, पूर्ण मार्क. दुसरी, पूर्ण. गृहपाठ, दर आठवड्याला वेळेवर. ही पोर परीक्षेला न वाचता येईल?"

"एखाद्या वेळी येतं माणूस."

"साक्षीदाराला खोटं बोलायला कारण होतं. समोर म्हातारी, हातात वही, गुडघे दुखतायत, रांगेत उभी. कोणीही म्हणालं असतं, वाचलं नव्हतं."

"आणि खरंच वाचलं नसेल तर?"

"तर मी इतकी वर्षं एका आळशी पोरीच्या उत्तराची आरती केली."

हे त्या अगदी कोरडेपणाने म्हणाल्या, पण वहीवरचं त्यांचं बोट तिथेच होतं. स्टेशनांमागून स्टेशनं गेली. मी विचार करत होते की निवृत्त नर्सला फोन करावा, तिला नक्की आठवत असेल, तिच्याकडून आणखी दोघींचे नंबर मिळतील. मी तसं म्हणालेही.

बाईंनी वही मिटली. "नको. पुढच्या रविवारी परत जाऊ."

"तिला विचारायला?"

"जेवायला. सूप चांगलं होतं."

इपोहला जाईपर्यंत आम्ही अकरा रविवार ईस्ट कोस्टला गेलो. बाई रांगेतच उभ्या राहायच्या. गर्दी ओसरली की सूपवाली आमच्या टेबलावर येऊन बसायची. बोलणं व्हायचं सुपातल्या आल्याबद्दल, गुडघ्यांबद्दल, इपोहचं पाणी गोड असतं का नाही याबद्दल, माझ्या मुलीला इथल्या शाळेत प्रवेश मिळेल का याबद्दल. खोली द्यायच्या आधी माणसाची उलटतपासणी घेणाऱ्या आणि शिळेवर काहीच का कोरलं नाही याच्या सात कारणांना मार्क देणाऱ्या बाईंनी त्या टेबलावर शाळेचं नाव एकदाही काढलं नाही.

शेवटच्या रविवारी ते सूपवालीनेच काढलं. कशावरून तरी तान्ह्या मुलांचा विषय निघाला होता. बहुतेक माझ्या नणंदेच्या बाळावरून. ती चमच्याने सूप ढवळत म्हणाली, "मी शाळा सोडली त्या वर्षी आमच्या घरीपण..." आणि थांबली. वाडग्यात बघत राहिली.

मी पुढे झुकले. "त्या वर्षी काय झालं होतं?" हे ओठावर आलंच होतं, तेवढ्यात टेबलाखाली बाईंनी माझ्या पायावर पाय ठेवला. नुसता ठेवला नाही, चांगला दाबला. पंचाहत्तरीच्या बाईत, गुडघे गेलेल्या बाईत एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

टेबलावरचा त्यांचा चेहरा शांत होता. त्या सावकाश एक चमचा सूप प्यायल्या आणि तिला म्हणाल्या, "आज आलं जरा जास्त पडलंय."

"हो का?" ती म्हणाली. तिने वर पाहिलं, आणि मग हसली. "उद्यापासून कमी घालते, लाओशी."

"कमी नको. असंच छान आहे."

दोघी सूप पीत राहिल्या. माझा पाय सुटला तो वाडगे रिकामे झाल्यावर.